समोरच्याच्या पेनात जेवढी शाई

साखरपुडा झाल्यावर मी माझ्या होणाऱ्या बायकोला पहिलं पत्र पाठवलं, त्याला विषय होता. म्हणजे प्रत्येक पत्राला काही ना काही विषय असतोच, तसा नव्हे. तारखेच्या खाली, मधोमध, खाली रेघ मारून लिहिलेलं : 'विषय : आपल्या भेटीबाबत'. त्याच्या खाली संदर्भसुद्धा होता : 'गेल्या रविवारी आपल्या राहत्या घरी झालेली बैठक'.

मी तेव्हा भोपाळच्या सरकारी कारखान्यात पत्रव्यवहार विभागात नुकताच चिकटलो होतो. दिवसभर इंग्रजी पत्रं टाइप करायची आणि संध्याकाळी खोलीवर येऊन प्रेमपत्र लिहायला बसायचं. हात दिवसभराच्या वळणावर गेला, झालं. पाकीट पेटीत टाकलं आणि मग डोक्यात उजेड पडला. पोस्टाच्या लाल पेटीत हात घालून बघितला. मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना.

आठवड्याभरानं साताऱ्याहून उत्तर आलं. 'विषय : वरीलप्रमाणे. महोदय, आपले पत्र पोचले. भेटीस आमची हरकत नाही. तथापि विनंती योग्य त्या मार्गाने, म्हणजे आमच्या वडिलांमार्फत यावी. कळावे.' तिचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. असली भाषा तिनं घरात भाजीभाकरीसारखी ऐकलेली. पण त्या उत्तरात ती माझी टर उडवत होती हे कळायला मला पत्र दोनदा वाचावं लागलं. त्या दिवसापासून मी घरात 'महोदय' झालो, तो शेवटपर्यंत. राग आला की 'अहो महोदय', लाडात आली की नुसतंच 'महोदय'. ओट्यावर चिठ्ठी ठेवून ती बाजारात जायची, तीही तशीच : 'विषय : कुकर. तीन शिट्ट्यांनंतर बंद करणे. विलंब झाल्यास जबाबदारी आपली.'

विलंब व्हायचाच.

आमचं क्वार्टर बरखेड्यात होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा, मागे थोडी मोकळी जागा. त्या जागेत हिनं आल्या आल्या कढीपत्ता लावला. सगळी क्वार्टर्स एकाच नकाशावर बांधलेली. शेजारच्यांच्या घरात अंधारात गेलं तरी दिव्याचं बटण हाताला लागायचं. नकाशा ज्या कुणी काढला असेल तो उंच असावा, किंवा त्याची बायको तरी उंच असावी. कारण स्वयंपाकघरातला ओटा हिच्या जवळजवळ छातीला लागायचा. पोळी लाटताना खांदे भरून यायचे. मी म्हटलं, त्यात काय एवढं, मी इंग्रजीत पत्र लिहितो.

आणि लिहिलं. बापरे, काय लिहिलं! तेव्हा मला इंग्रजी पत्र म्हणजे नैवेद्याचं ताट वाटायचं. जेवढे पदार्थ जास्त तेवढा देव प्रसन्न. 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन, आय बेग टू स्टेट' इथून सुरुवात. मग दोन परिच्छेद कारखान्याच्या लौकिकाला, एक परिच्छेद टाउनशिपच्या मोकळ्या हवेला, आणि शेवटच्या परिच्छेदात ओटा, तोसुद्धा साधा उंच नव्हे, 'लॉफ्टी' आणि 'मॅजेस्टिक'. बांधकाम दुरुस्ती विभागाकडून चटकन उत्तर आलं. आपण केलेल्या कौतुकाबद्दल विभाग आभारी आहे, सदर पत्र कर्मचाऱ्यांच्या माहितीसाठी सूचना फलकावर लावण्यात आलं आहे.

ही एवढी हसली की तिला जमिनीवर बसावं लागलं. मग उठली, देवघरातला जेवणाचा जुना पाट आणला, ओट्यापुढे ठेवला आणि त्यावर चढून उभी राहिली. "झालं काम," म्हणाली. "तुमचा अर्ज निकाली."

त्या पाटावर ती नोकरीभर उभी राहिली. माझ्या नोकरीभर.

माझं इंग्रजी पत्र सुधारलं ते आमच्या साहेबांमुळे. साहेब केरळकडचे, बारीक अंगाचे, पांढऱ्या शर्टाला कधी सुरकुती नाही. त्यांचं हिंदी म्हणजे तालीम न झालेलं नाटक, पण बोलताना जराही लाजायचे नाहीत. माझं पहिलं पत्र त्यांनी दोन बोटांत धरलं, बाळाचं दुपटं धरतात तसं.

"ये तुम चिट्ठी लिखा है कि आरती लिखा है?"

मग त्यांचं बोट पहिल्या ओळीवर टेकलं.

"आय बेग. क्यों बेग? तुम स्टेशन पे बैठा है? कटोरा किधर है?"

मग त्यांनी मला शिकवलं. काय हवं आहे ते पहिल्या ओळीत. का हवं आहे ते दुसऱ्या ओळीत. एका पत्रात एकच विषय. दुसरा विषय असेल तर दुसरं पत्र, कारण दोन विषयांचं पत्र दोन टेबलांवर जातं आणि कुठल्याच टेबलावरून उठत नाही. विशेषणं घरी बायकोसाठी ठेवायची. आणि सगळ्यात मोठा नियम, जो सांगताना ते खिशातलं पेन काढून माझ्या नाकासमोर धरायचे : "जिसको लिखता है, उसका पेन में इंक कितना है, वो पहले देखो. उसका पेन में जितना इंक, उतना माँगो. ज्यादा माँगेगा, तो वो आदमी खराब नहीं, फिर भी नहीं देगा. ऊपर भेजेगा. ऊपर मतलब..." आणि ते छताकडे बघून हात जोडायचे.

म्हणजे असं की प्रत्येक अधिकाऱ्याचे अधिकार ठरलेले असतात. चार दिवसांची रजा एक देतो, महिन्याची दुसरा. तुम्ही मागणी अशी करायची की जो समोर बसला आहे त्याला कुणालाही न विचारता सही करता आली पाहिजे. इंग्रजी कितीही मोडकं असू द्या, असं पत्र संध्याकाळपर्यंत मंजूर होऊन येतं. आणि इंग्रजी कितीही झुळझुळीत असू द्या, आकडा अधिकाराच्या बाहेरचा असेल तर फाइल वर जाते आणि माणूस खाली वाट बघत बसतो.

हे मला समजलं आणि माझं नशीबच फिरलं. चुका संपल्या असं नव्हे. साहेबांची आई गेली तेव्हा विभागातर्फे दुखवट्याचं पत्र मी केलं आणि शेवटी सवयीनं तेच नेहमीचं वाक्य ठोकलं की अशाच सेवेची संधी आम्हाला लवकरच पुन्हा मिळेल अशी आशा आहे. साहेब गावाहून परतले, मला बोलावलं, पत्र समोर ठेवलं. "मेरा एक ही मदर था," एवढंच म्हणाले. घरी येऊन हे सांगितलं तर ही आधी हळहळली आणि मग तोंडाला पदर लावून आत पळाली. बराच वेळ आतून खोकल्याचा आवाज येत होता.

पण टाउनशिपमध्ये माझं नाव झालं. रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात पोह्यांच्या वासावर माणसं जमायची. कुणाला बदली हवी, कुणाला मुलाच्या शाळेत तुकडी बदलून हवी, कुणाला छत गळतं म्हणून माणूस हवा. नागपूरकडचे एक फोरमन होते, ते पत्र लिहून घ्यायला येत आणि पोहे खाऊन पत्राविनाच जात. "भाऊ, तुमी लिहाल तं सायेब पाघळनच," म्हणायचे, आणि कशाबद्दल लिहायचं ते सांगायचंच राहायचं. मग ही आतून विचारायची, "भाऊजी, एका वाक्यात सांगा, काय पाहिजे?" माणूस दोन मिनिटं डोकं खाजवायचा आणि मग खरं काय ते सांगायचा. मी तेवढंच इंग्रजीत उतरवायचो. वर एक प्रश्न माझा ठरलेला : "देणाऱ्याच्या हातात किती आहे?" माझा हा प्रश्न इतका प्रसिद्ध झाला की गणपतीत मराठी मंडळींनी बसवलेल्या नाटुकल्यात एकानं माझी नक्कल केली. देवाकडे मागणं मागणाऱ्या भक्ताला तो थांबवून विचारतो, "आधी सांग, देवाच्या अधिकारात किती आहे?" ही पहिल्या रांगेत बसली होती. सगळ्यात मोठ्यानं तीच हसली.

आता ज्यासाठी एवढं सांगतोय, ते.

माझी निवृत्ती जवळ आली त्याच वर्षी हिचं पोट दुखायला लागलं. आधी अॅसिडिटी, मग अल्सर, मग टाउनशिपच्या हॉस्पिटलातले डॉक्टर एकदम कमी बोलायला लागले. मुंबईला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी हिला बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं. मराठीच होते. म्हणाले, "सहा महिने धरून चला."

मी बाहेर आलो. ही बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर हात.

"काय म्हणाले?"

"औषधं दिलीत. वेळ लागेल म्हणाले."

"किती वेळ?"

"तसं काही बोलले नाहीत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पिशवी उचलली आणि म्हणाली, "चला, स्टेशनवर इडली खाऊ."

भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर उतरून रिक्षानं बरखेड्यात शिरलो तेव्हा सकाळच्या पाळीचा भोंगा होत होता. रस्ताभर सायकली. रिक्षा क्वार्टरपुढे थांबली आणि ही उतरून आधी मागे गेली, कढीपत्त्याला पाणी घालायला. आम्ही नव्हतो तेवढ्यात तो सुकला होता. पाणी घालता घालताच म्हणाली, "अहो, एक सांगते. मला आता इथून कुठे हलवू नका."

मुलगी पुण्यात असते. तिचा रोज फोन. आई, इकडे ये, इथे चांगली हॉस्पिटलं आहेत, माझी खोली रिकामी करते. ही तिला म्हणायची, "येईन गं, बरी झाले की येईन." आणि फोन ठेवून मला म्हणायची, "तिच्याकडे मी पाहुणी. पाहुण्यानं आजारी पडू नये. इथे मला उठून पाणी प्यायचं झालं तरी दिवा लावावा लागत नाही."

एवढंच तिचं मागणं होतं. जे काही व्हायचं ते या दोन खोल्यांत होऊ दे. आणि नियम असा की निवृत्तीनंतर क्वार्टर दोन महिन्यांत रिकामं करायचं. आजारपणासारखं कारण असेल तर मुदत वाढवून मिळते. त्यासाठी काय करावं लागतं?

इंग्रजीत एक औपचारिक पत्र लिहावं लागतं.

मी म्हटलं, हे तर माझं घरचं काम. टाउनशिपमधली अर्धी क्वार्टर्स ज्यानं पत्रांनी मिळवून दिली, राखून दिली, त्याला स्वतःचं राखता येणार नाही? मुदतवाढीचे नियम मला तोंडपाठ होते. इस्टेट ऑफिसचा अधिकारी स्वतःच्या सहीनं सहा महिन्यांपर्यंत देऊ शकतो. त्याहून एक दिवस जास्त मागितला तर कागद दिल्लीच्या मुख्य कार्यालयात. हे मी अनेकांना सांगितलं होतं. "सहाच मागा. एक दिवस जास्त लिहू नका."

व्हरांड्यात टेबल ओढलं, कागद घेतला. टू. सब्जेक्ट. डिअर सर. पहिली ओळ : मी निवृत्तीनंतर क्वार्टर ठेवण्याची मुदत वाढवून मागतो आहे, ती...

आणि पेन थांबलं.

'सिक्स मंथ्स' एवढंच तर लिहायचं होतं. एस काढला. आय काढला. मग ते मुंबईचे डॉक्टर समोर येऊन बसले. मी सहा महिने लिहिले तर मीच डॉक्टरांच्या कागदावर सही केल्यासारखं होतं. बायकोला एवढेच दिवस पुरेत, असं मी स्वतः, माझ्या अक्षरात, अर्ज करून मागत होतो. आपला नम्र, खाली सही.

कागद चुरगळला. दुसरा घेतला. पुन्हा तिथेच. चौथ्या का पाचव्या कागदावर मी लिहिलं, 'टू इयर्स'. लिहिलं आणि एकदम हलकं वाटलं. दोन वर्षं! दोन वर्षांत काय काय होईल. कढीपत्ता छपरापर्यंत जाईल. मुलीचं बाळंतपण होईल, ही तिच्याकडे जाईल, परत येईल. हात जो सुटला, तो आवरेना. जुनं सगळं बाहेर आलं. 'लॉफ्टी' आलं. 'मॅग्नॅनिमस' आलं. आणि साहेब बघायला नव्हते म्हणून सांगतो, शेवटच्या परिच्छेदात 'आय बेग' सुद्धा आलं.

तसंच पाकिटात घातलं आणि नेऊन दिलं. हिला दाखवलं नाही.

आठवड्याभरात इस्टेट ऑफिसच्या अधिकाऱ्यानं बोलावलं. तरुण होता, इथलाच, कारखान्यात लागला तेव्हा त्यांच्या तुकडीला पत्रलेखनाचे तास मीच घेतले होते. उठून उभा राहिला, खुर्ची दिली.

"अंकल, ये आपने क्या कर दिया? दो साल?"

"हाँ."

"ये तो मेरे हाथ से बाहर चला गया. दिल्ली भेजना पड़ेगा. वहाँ से कब आएगा, आप मुझसे ज़्यादा जानते हैं." मग हसला. "पेन में जितना इंक उतना माँगो. आप ही ने तो पढ़ाया था."

मी टेबलावरच्या काचेकडे बघत होतो.

"आप छह महीने का लिख दीजिए. यहीं बैठ के. चाय आने से पहले साइन करता हूँ."

"छह महीने से नहीं होगा, बेटा."

"तो ठीक है ना अंकल, छह महीने बाद फिर लिख दीजिएगा."

त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. नियमानं बोलत होता, आणि बरोबर बोलत होता. चहा आला. मी प्यायलो. पुढ्यात त्यानं कोरा कागद सरकवला होता, पेनचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, घरून लिहून आणतो. चष्मा विसरलो. चष्मा माझ्या नाकावर होता. त्यानं तो बघितला आणि काही बोलला नाही, म्हणून मी त्याला आजही चांगला माणूस समजतो.

त्यानंतर मी रोज 'उद्या लिहितो' करत राहिलो. निवृत्तीचा कार्यक्रम झाला, हार झाला, घड्याळ मिळालं. दोन महिन्यांतले दिवस जायला लागले. दिल्लीहून काही नाही. शेवटी ऑफिसचा शिपाई नोटीस घेऊन आला तेव्हा मी भाजी आणायला गेलो होतो. नोटीस हिनं घेतली. नोटिशीसोबत माझ्या अर्जाची प्रत जोडलेली होती.

परत आलो तर ही व्हरांड्यात खुर्चीत, पायावर शाल, हातात कागद. तिला इंग्रजी बोलता फारसं यायचं नाही, पण माझी पत्रं इतकी वर्षं ऐकून वाचता सगळं यायचं.

"महोदय, हे काय आहे?"

"कुठे काय."

"पहिल्या ओळीत मागणी नाही. मॅग्नॅनिमस आहे. भीक पण मागितलीत." तिनं कागद खाली ठेवला. "दोन वर्षं कुणासाठी हो?"

मी पिशवीतली वांगी बाहेर काढायला लागलो. एकेक.

"तो अधिकारी किती देऊ शकतो?"

"सहा महिने."

"आणि डॉक्टर?"

मी वांगी परत पिशवीत भरायला लागलो.

"म्हणजे तेवढेच," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. तुम्ही इडली अर्धी टाकलीत तेव्हाच." तिला बोलताना आता दम लागायचा. "मग अडलंय कुठे? दोन्हीकडून एकच आकडा आलाय. इतकं जुळलेलं प्रकरण तुमच्याकडे कधी आलं होतं का?"

"मला नाही लिहिता येत ते."

"मी सांगते, तुम्ही लिहा. रविवारी लोक येतात ना, तशी मी आलेय समजा. पोहे नाही मागत."

"असं बोलू नकोस गं."

"अहो, मला या घरात राहायचंय. तुम्हाला मला दोन वर्षं द्यायचीत ती देता येणार नाहीत, कुणालाच नाही. सहा महिन्यांचं घर देता येतंय. तेवढं तरी द्या." मग आवाज बदलून, आमच्या फोरमनची नक्कल करत, "भाऊ, तुमी लिहाल तं सायेब पाघळनच."

मी कागद घेतला. ती मराठीत सांगत गेली, मी इंग्रजीत लिहीत गेलो. 'मला क्वार्टर सहा महिने ठेवण्याची परवानगी मिळावी. माझी पत्नी आजारी आहे आणि तिला हलवणं शक्य नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मुदत संपताच मी क्वार्टर परत करीन.' बस. एवढंच. तिनं हात पुढे केला, वाचलं, आणि म्हणाली, "तिला हलवणं शक्य नाही, हे बरोबर नाही. तिला हलायचं नाही, असं लिहा."

"असं ऑफिसात चालत नाही."

"बरं. मग राहू द्या."

इतक्या वर्षांत माझ्या हातून निघालेलं ते सगळ्यात चांगलं पत्र. एक शब्द काढता येणार नाही, एक घालता येणार नाही. साहेब असते तर त्यांनी ते दोन बोटांत धरलं नसतं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादं पत्र नेताना मनात म्हणत होतो, नामंजूर होऊ दे. काहीतरी खोट निघू दे. तारीख चुकलेली असू दे.

चहा यायच्या आधी सही झाली.

पुढचे दिवस तिनं घरातच काढले, तिला हवं तसं. आधी पाटावर उभी राहून मला फोडणी शिकवली. मग पाटावर मी, आणि ती दारात खुर्ची टाकून. मला पाटाची काही गरज नव्हती, ओटा माझ्या उंचीचा होता. पण पाट बाजूला केला की ती म्हणायची, "राहू द्या हो तिथेच." मग मी पाटावर चढून छताला डोकं लागेल असा उभा राहून भात टाकायचो आणि ती हसायची. नंतर खुर्चीही नको झाली. पलंगावरून नुसतं "महोदय, मोहरी जळली" एवढं यायचं. जळलेलीच असायची.

गेली ती सकाळी, भोंग्याच्या सुमाराला. मुलगी आली होती. खिडकीतून कढीपत्ता दिसत होता, आणि दिवा लावावा लागला नाही.

विभागातून दुखवट्याचं पत्र आलं. मी ते नीट वाचलं, मग उलटून मागूनही बघितलं. माझ्या जागी जो कुणी आलाय त्यानं छान लिहिलं होतं. एकही चूक नाही. हसायला काहीच नव्हतं त्यात.

सहा महिन्यांतली काही मुदत शिल्लक राहिली होती. लोक म्हणाले, राहा, तुमच्या हक्काची आहे. मी राहून बघितलं. मंजुरी ज्या कारणासाठी होती ते कारण आता घरात नव्हतं, आणि मंजुरी मात्र होती. कुकर लावायचो आणि शिट्ट्या मोजायचं विसरायचो. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे आता, चला." मी क्वार्टर मुदतीआधी परत करण्याचं पत्र लिहायला बसलो. अशा पत्रात कारण द्यावं लागतं, आणि ऑफिसच्या इंग्रजीत त्याला ठरलेलं वाक्य आहे : ज्या प्रयोजनासाठी मुदत मागितली होती ते आता उरलेलं नाही. हे वाक्य मी कितीतरी जणांना घालून दिलं होतं. मुलाची परीक्षा झाली, घराचं बांधकाम संपलं, असल्यासाठी. तेच लिहिलं. दुसरं मला येत नव्हतं.

सही करणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातला पाट दिसला. सामान बांधताना मुलीनं तो उचलून भिंतीला टेकवून ठेवला होता. आणि साहेबांचा आणखी एक नियम मी मोडला. त्याच पत्राच्या खाली दोन ओळी लिहिल्या : स्वयंपाकघरातला ओटा बुटक्या बाईला फार उंच पडतो. नवीन कुटुंब येण्याआधी तो कमी करावा. यावेळी 'लॉफ्टी' लिहिलं नाही.

पुण्याच्या पत्त्यावर उत्तर आलं, तेव्हा मी मुलीच्या गॅलरीत बसलो होतो, शेजारी कुंडीत भोपाळहून आणलेली कढीपत्त्याची फांदी, जगेल की नाही याची खात्री नसलेली. क्वार्टर परत मिळाल्याची नोंद घेतली आहे. ओट्याबाबत आपण स्वतंत्र अर्ज करावा. एका पत्रात एकच विषय असावा, ही विनंती.

कुणीतरी माझ्याच तासाला बसलेलं असणार.

स्वतंत्र अर्ज मी करणार आहे. कागद काढून ठेवलाय, तारीख टाकली, पत्ता घातला. पहिली ओळ तयार आहे, दुसरीही आहे. फक्त मधोमध, खाली रेघ मारून जो विषय लिहायचा असतो, तिथे ओटा असं लिहायला गेलो की हात थांबतो.